माशी, दिदबान आणि दहा रुपयांची बंदूक : शिंद्यांनी हत्यार कसं निवडलं

या निबंधाचा विषय मला माझ्या पुतण्याने दिला, आणि तोही नकळत. त्याला एअरगनचा नाद लागला आहे. गेल्या दिवाळीत तो आमच्या सिंहपुरीतल्या घरी आला, तेव्हा मोबाइलवर दोन कंपन्यांच्या दुर्बिणी समोरासमोर ठेवून बसला होता. एकीची किंमत दुसरीच्या जवळजवळ तिप्पट. "काका, सांगा, कुठली घेऊ?" मी इतिहासाचा माणूस, मला त्यातलं काय कळणार! पण त्यानेच मग समजावून सांगितलं. स्प्रिंगची एअरगन झाडताना आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्ही बाजूंनी धक्का देते. त्या धक्क्याने स्वस्त दुर्बिणीची आतली भिंगं आणि तारा हलतात. आज बसवलेला नेम उद्या दोन बोटं सरकलेला असतो. त्यामुळे किती लांबचं दिसतं हा खरा प्रश्नच नाही. शंभर बार झाडल्यावरही नेम जागेवर राहतो का, हा खरा प्रश्न.

त्याचं बोलणं ऐकताना माझं लक्ष माजघराच्या भिंतीकडे गेलं. तिथे आमच्या पणजोबांच्याही आधीपासून एक तोड्याची बंदूक टांगलेली आहे. नळीचा कान बुजवलेला, घोडा गंजलेला, म्हणजे आता ती नुसती शोभेची. मी ती खाली काढली. इतक्या वर्षांत प्रथमच तिच्या नळीवरून नीट डोळा लावून पाहिलं. मागे, कानाच्या जरा पुढे, खाच असलेलं एक उंचवट्याचं पातं. पुढे नळीच्या तोंडाशी एक बारीक मणी. मागच्याला दिदबान म्हणतात आणि पुढच्याला माशी. खाचेत माशी धरली की नेम लागला. म्हणजे नेम धरायची पक्की सोय या देशी बंदुकीवर होती.

आणि इथेच मी अडखळलो. कारण महादजी शिंद्यांनी ज्या बंदुकीसाठी ही देशी बंदूक बाजूला ठेवली, त्या विलायती धाटणीच्या बंदुकीवर मागचं पातं नव्हतंच! पुढे एक लहानसा उंचवटा, तोही मुख्यतः संगीन अडकवण्यासाठी. म्हणजे नेम धरायला जास्त चांगली बंदूक सोडून महादजींनी कमी चांगली घेतली? शिंद्यांसारखा हिशेबी माणूस असं का करेल? या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

दोन ठोकळेबाज मतं

आपल्या उज्जैनच्या मराठी घरांत शिंद्यांच्या फौजेबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं असं की महादजींनी फिरंगी कवायत आणली म्हणून मराठ्यांची पत दिल्लीपर्यंत पुन्हा बसली. दुसरं नेमकं उलट : गनिमी कावा आणि घोडदळ सोडून फिरंग्यांची नक्कल केली म्हणून १८०३ ला बुडालो. हे दुसरं मत काही केवळ आपल्या ओट्यावरचं नाही. असईला शिंद्यांशी लढलेल्या आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढच्या वेलिंग्टननेही साधारण याच अर्थाचं मत मांडलं होतं, की मराठे आपल्या घोड्यांवरच राहिले असते तर अधिक जड गेले असते.

दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की महादजींनी फिरंग्यांचं पाहून जसंच्या तसं उचललं. मला तसं वाटत नाही. पुढे काय दिसतं ते पाहू.

अनुभवाची शाळा

शिंद्यांचं ठाणं उज्जैनला बसलं ते राणोजींच्या काळात, १७३० नंतरच्या दशकात. महाकाळाच्या देवळाची आजची उभारणी त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांची, हे आपल्याला ठाऊकच आहे. राणोजींचे पुत्र महादजी १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर होते आणि तिथून पाय अधू करून घेऊन परतले. त्या रणात इब्राहिमखान गारद्याच्या बंदुकांची शिस्त त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तीच शिस्त बाकीच्या फौजेशी जुळली नाही की काय होतं, तेही पाहिलं होतं.

मग इंग्रजांशी गाठ पडली. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तहावर आणलं. पण पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपमने रात्रीतून शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, आणि १७८१ त सिप्रीच्या बाजूला कर्नल कॅमकने महादजींच्या तळावर रात्रीचा छापा घातला. थोडक्या पण एका तालात चालणाऱ्या पलटणी काय करू शकतात, हे महादजींना असं अंगावर झेलून कळलं. १७८२ चा सालबाईचा तह करून त्यांनी उसंत मिळवली, आणि १७८४ त बनवा द बॉयन या सव्हॉयच्या माणसाला दोन पलटणी उभ्या करायला सांगितलं. प्रत्येकीत साधारण ८५० माणसं. म्हणजे सगळी फौज एकदम बदलली नाही. आधी नमुना करून पाहिला.

दोन बंदुका समोरासमोर

आता पुतण्यासारखंच आपणही दोन वस्तू समोरासमोर ठेवू.

एक आपली तोड्याची बंदूक. जाड, लांब, वळ्या घालून ठोकलेली लोखंडी नळी. सुताचा पेटता तोडा घोड्याच्या चिमट्यात धरायचा. चाप ओढला की तो रंजकेवर उतरतो, रंजक पेटते आणि कानातून आग आतल्या दारूला लागते. यंत्र म्हणावं असं त्यात फारसं नाहीच. गावचा लोहार ती दुरुस्त करतो. नळी जड म्हणून फुटायची भीती कमी आणि गोळी लांब जाते. नेमाला दिदबान आणि माशी आहे. शिकारीला किंवा किल्ल्याच्या जंग्यातून मारायला हिच्यासारखी बंदूक नाही.

तोटेही आहेत. पावसात तोडा विझतो. रात्री त्याचा निखारा लांबून दिसतो. भरायला वेळ लागतो. शिवाय हातात पेटता तोडा आणि कमरेला दारू अशी माणसं खांद्याला खांदा लावून दाट उभी करता येत नाहीत, नाहीतर शत्रूच्या आधी शेजारीच उडायचा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे प्रत्येक नळीचं भोक वेगळं. ज्याची बंदूक त्याचा गोळीचा साचा. एकाची गोळी दुसऱ्याच्या बंदुकीत जाईलच असं नाही.

दुसरी चकमकीची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा. तो पोलादी पात्यावर आपटतो, ठिणगी पडते, बार उडतो. कागदी काडतूस दाताने फाडून भरायचं. कवायत केलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढतो. माणसं दाट उभी राहतात, आणि बंदुकीच्या तोंडाला संगीन लावली की तीच भाल्याचं काम करते. उणिवा अशा की गार झिजते आणि बदलावी लागते, चापाच्या कमानीला चांगलं पोलाद आणि सराईत कारागीर लागतो. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी सैल, त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात काही अर्थ नाही.

दिदबान का नव्हतं, त्याचं उत्तर इथे मिळतं. त्या बंदुकीने एकट्याने नेम धरायचाच नव्हता. सातशे माणसांनी मिळून समोरच्या पन्नास-साठ पावलांवरच्या रांगेकडे एकदम बार काढायचा होता. नेम एका शिपायाचा नव्हता, पलटणीचा होता. आणि पलटणीचा नेम लागायचा तर सगळ्यांची बंदूक सारखी, गोळी सारखी आणि वेळ सारखी हवी.

'वेध' घेण्याचे दोन मार्ग

इथे थोडं आडवळण घेतो, पण उज्जैनच्या वाचकाला ते परकं वाटणार नाही. मराठीत आपण निशाणाचाही वेध घेतो आणि ताऱ्याचाही. आणि या दुसऱ्या वेधाची मोठी शाळा आपल्याच गावात, क्षिप्रेच्या काठी जयसिंहपुऱ्यात आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती वेधशाळा बांधली. त्यांनाही निवड करावी लागली होती. आधी त्यांनी पितळी यंत्रं करून पाहिली. मग आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तक्रार नोंदवली की ती आकाराने लहान, त्यांवर कलांच्या खुणा नीट बसत नाहीत, आस झिजतात, केंद्र सरकतं. म्हणून त्यांनी चुना-दगडाची अवजड यंत्रं बांधली. आपलं सम्राट यंत्र २३ अंश ११ कला या स्थानिक अक्षांशाला तिरकं बांधलेलं आहे, ते इथून हलायचं नाही आणि दुसऱ्या गावी चालायचंही नाही. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी त्या जागेचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली तिथे पुन्हा वेध सुरू झाले, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही ती यंत्रं कामाची होती.

जयसिंगांनी अचूकपणा घेतला आणि सुटसुटीतपणा सोडला. महादजींनी त्याच शतकात, त्याच माळव्यात, उलटं केलं. एकेका बंदुकीचा अचूकपणा सोडला, झपाटा आणि सारखेपणा घेतला. दोघांची परीक्षा मात्र एकच : ज्या कामासाठी घ्यायचं, त्या कामात हे वर्षानुवर्षं भरवसा देईल का?

दहा रुपयांची बंदूक

आता पैशाची बाजू. विलायती बंदुका मिळवायचे मार्ग होते. पण इंग्रजांकडून चांगला माल मिळणं त्यांच्या मर्जीवर होतं, आणि बाजारात फिरणाऱ्या जुन्या बंदुका झिजलेल्या असायच्या. फ्रेंच मालाचा छेद वेगळा, इंग्रजी मालाचा वेगळा, म्हणजे पुन्हा गोळ्यांचा तोच घोळ.

महादजींनी तिसरा रस्ता धरला. सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस आधी गोहदच्या राण्याकडे पलटण शिकवत होता. त्याला आपल्याकडे घेतलं आणि आग्र्याला कारखाना काढून दिला. तिथे तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि बंदुका घडू लागल्या. या फिरंगी सरदारांची चरित्रं १८९२ मध्ये छापणारा हर्बर्ट काँप्टन सांगतो, की आग्र्याची बंदूक विलायती नमुन्याच्या तोडीची होती आणि तिला खर्च पडे दहा रुपये.

दहा रुपये म्हणजे किती? द बॉयनच्या पलटणीत साध्या शिपायाचा महिन्याचा पगार सुमारे साडेपाच रुपये होता. म्हणजे बंदुकीची किंमत शिपायाच्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षाही कमी. १७९० च्या सुमाराला दोन पलटणींची दहा झाली. एका पलटणीत साधारण ७५० माणसं, आणि दहांपैकी सात पलटणी चकमकीच्या बंदुकांच्या. मी कागदावर गुणाकार केला : सव्वापाच हजार बंदुका, साडेबावन्न हजार रुपये. उत्तर हिंदुस्थानात खंडणी गोळा करणाऱ्या दरबाराला ही रक्कम जड नव्हती.

उरलेल्या तीन पलटणींचं काय? मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. त्या नजिबांच्या पलटणी होत्या आणि त्यांच्या हाती तोड्याची बंदूकच ठेवली होती, फक्त तिला संगीन जोडून. नुसती नक्कल करणाऱ्याने हे केलं नसतं. जिथे देशी बंदूक कामाची होती तिथे ती ठेवली, जिथे नव्हती तिथे बदलली. नुसतं 'फिरंगीकरण' म्हटलं की ही बाब नजरेआड होते.

दर आणि भरवसा यांचा हाच हिशेब त्या काळात इंग्रजही करत होते, बरं का. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी ३९ इंची नळीची, साधी, स्वस्त बंदूक ठरवली होती. फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि हत्यारं कमी पडू लागली, तेव्हा इंग्लंडच्या सरकारने कंपनीकडून त्याच बंदुका विकत घेतल्या आणि पुढे तोच नमुना राजाच्या फौजेसाठीही चालू केला. तिचं नावच 'इंडिया पॅटर्न'. भारी बंदुकीपेक्षा पुरेशी चांगली आणि हवी तितकी मिळणारी बंदूक बरी, हा धडा लंडनने कंपनीच्या वखारीतून घेतला.

रणातली परीक्षा

२० जून १७९० ला पाटणला इस्माइल बेग आणि राजपुतांची फौज, आणि १० सप्टेंबरला मेडत्याला राठोडांचे घोडेस्वार. दोन्ही ठिकाणी आग्र्याच्या बंदुका आणि तोफा कसाला लागल्या. मेडत्याला राठोड जिवाची पर्वा न करता तुटून पडले, पण चौकोन करून उभ्या असलेल्या पलटणींच्या सतत चाललेल्या बारांपुढे घोडा पुढे सरकेना. १७९३ मध्ये लाखेरीला तुकोजी होळकरांच्या फौजेशी गाठ पडली, तीही शिंद्यांनी जिंकली. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले, तेव्हा हिंदुस्थानातल्या उत्तम कवायती फौजांपैकी एक त्यांच्या मागे उभी होती.

मग आपल्या उज्जैनवर पाळी आली.

जुलै १८०१. दौलतराव शिंदे नर्मदेकडे, आणि यशवंतराव होळकर माळव्यात चालून आलेले. दौलतरावांनी पलटणी एकदम न पाठवता तुकड्या-तुकड्यांनी पुढे धाडल्या. उज्जैन सांभाळायला जॉर्ज हेसिंगच्या पलटणी होत्या. हा आग्र्याच्या किल्लेदाराचा, जॉन हेसिंगचा मुलगा. बंदुका त्याच, कवायत तीच. पण समोर होळकरांकडेही आता कवायती पलटणी होत्या, शिवाय घोडदळाचा जोर होता. यशवंतरावांनी शिंद्यांच्या विखुरलेल्या तुकड्यांतली ही एक गाठली आणि आपल्या गावाबाहेर तिचा धुव्वा उडवला. बहुतेक फिरंगी अधिकारी मारले गेले किंवा हाती सापडले. मग शहराकडून खंडणी उकळली गेली. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूरला त्याचा सूड घेतला, आणि तिथल्या रयतेचे हाल उज्जैनपेक्षा कमी झाले नाहीत.

या लढाईत बंदूक नापास झाली का? मला तसं म्हणता येत नाही. दोन्हीकडे तीच बंदूक होती. नापास झाली ती बंदूक कुठे, केव्हा आणि किती एकवटून उभी करायची याची अक्कल. सातशे जणांनी मिळून नेम धरायच्या हत्याराची विभागणी केली की त्यातला नेमच नाहीसा होतो.

दोनच वर्षांनी त्याहून मोठा घाव बसला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झालं, तेव्हा गव्हर्नर-जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडलं. द बॉयननंतर सेनापती झालेला पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. अलीगढ, दिल्ली पडली, ऑक्टोबरात आग्रा. त्याबरोबर बंदुका-तोफांचा कारखानाही गेला. तरी १ नोव्हेंबरला लासवारीला मागे उरलेल्या शिपायांनी, बहुतेक फिरंगी अधिकारी निघून गेलेले असताना, अशी झुंज दिली की जिंकणाऱ्या लेकनेच त्यांची वाखाणणी केली. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दुआब गेला, आणि ज्या मुलखाच्या उत्पन्नावर या पलटणी पोसल्या जात होत्या तोच हातचा सुटला. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली. उज्जैनला उरली देवळं, घाट आणि आमच्यासारखी मराठी घरं.

मग चूक कुठे झाली?

माझं म्हणणं थोडक्यात असं. महादजींची हत्याराची निवड बरोबर होती. त्यांनी काम पाहिलं, किंमत पाहिली, माल आपल्या मुलखात घडवला, आणि जुनं जिथे चालत होतं तिथे ठेवलं. उणीव राहिली ती दुसरीकडे. बंदूक घडवायची कला आग्र्याला आली, पण पलटण चालवायची कला पाटील-देशमुखांच्या पोरांपर्यंत पोचली नाही. हुकूम देणारा बाहेरचाच राहिला. वस्तू आपली झाली, तिच्यामागची विद्या भाड्याची राहिली. भाडेकरू जाहीरनामा वाचून निघून गेला, तेव्हा वस्तू चांगली असूनही उपयोग झाला नाही.

हे मान्य केलं, तर ती दोन्ही ओट्यावरची मतं अपुरी ठरतात. कवायतीने तारलं हे अर्धं खरं, आणि कवायतीने बुडवलं हे तर त्याहूनही कमी खरं.

मी हे सगळं पुतण्याला ऐकवलं. त्याने सहन केलं म्हणायला हवं. शेवटी म्हणाला, "काका, मग दुर्बीण कुठली घेऊ?" मी म्हटलं, "ज्या कंपनीची दुर्बीण बिघडली तर आपल्या जवळपास दुरुस्त होईल आणि धक्क्याने हलणार नाही, ती घे. लांबचं दाखवते म्हणून घेऊ नकोस. आणि आधी महिनाभर नुसत्या माशी-दिदबानावर सराव कर." त्याने स्वस्तही नाही आणि महागही नाही अशी मधली एक घेतली. सराव मात्र अजून सुरू आहे.

भिंतीवरची बंदूक मी पुसून, तेल लावून पुन्हा टांगली आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत अशी एखादी असेल. भंगारात देण्याआधी एकदा तिच्या नळीवरून डोळा लावून पाहा. दिदबान आहे का, माशीचा आकार काय, नळीचं भोक किती, कुठे कारागिराची खूण आहे का, एवढं मोजून, फोटो काढून मंडळाकडे पाठवा. आग्र्याची दहा रुपयांची बंदूक उज्जैनच्या एखाद्या माळ्यावर अजून पडून असेलही, आणि ती ओळखायची तर आधी नोंद हवी.